कार्यक्रम संपला हे स्टेशनला कोण कळवणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. स्टेडियमच्या वाहनतळात, दुसऱ्या तळघरात, आमची गाडी एका खांबाशेजारी अडकून उभी होती. पुढच्या गाडीचे लाल दिवे मधूनच विझायचे, ती हातभर सरकायची आणि दिवे पुन्हा लागायचे. मागच्या सीटवर नात आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मुलाने कंटाळून इंजिन बंद केलं होतं, कारण धुराने सुनेला खोकला यायला लागला होता. कार्यक्रम दहा वाजून पन्नास मिनिटांनी संपला. आमची गाडी रस्त्याला लागली तेव्हा पाऊण वाजला होता.

मी रेल्वेत चौतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची अकरा वर्षं एका मोठ्या मैदानाला लागून असलेल्या स्टेशनवर स्टेशन मास्तर होतो. गर्दी मला नवी नाही. गाडीत बसवेना म्हणून मी उतरलो, चढावाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो आणि जुन्या सवयीने घड्याळ लावून मोजायला सुरुवात केली.

बाहेर पडायला दोन रांगा होत्या. प्रत्येक रांगेच्या शेवटी एक आडवा दांडा आणि त्याच्याजवळ हातात मशीन घेतलेला एक मुलगा. गाडी आली की तो चिठ्ठी मागणार, ती वाचून रक्कम सांगणार, चालक मोबाइल काढणार. तळघराच्या तोंडाशी रेंज धड नाही, त्यामुळे पैसे जाताहेत की नाही हे बघत दोघंही स्क्रीनकडे डोळे लावून बसणार. मग पावती निघणार, मग दांडा वर जाणार. मी वीस गाड्या मोजल्या. एका गाडीला सरासरी पंचवीस सेकंद. म्हणजे एका रांगेतून तासाला १४४ गाड्या, दोन्ही मिळून २८८. या तळघरांत ६०० गाड्यांची सोय आहे, असा फलक दारातच लावलेला होता आणि ती सगळी भरलेली होती. सहाशे गाड्या बाहेर पडायला दोन तासांच्या वर वेळ लागणार हे दुपारीच, कागदावर, कुणालाही काढता आलं असतं.

त्या मुलांचा यात काही दोष नव्हता. एक जण दुपारी तीनपासून उभा होता आणि येणारा प्रत्येक चालक त्याच्यावरच ओरडत होता. हेच पैसे आत येताना घेतले असते, किंवा तिकिटाबरोबर आधीच भरून घेतले असते आणि निघताना दोन्ही दांडे नुसते वर करून ठेवले असते, तर एका गाडीला सहा सेकंद पुरे होते. अर्ध्या तासात तळघर मोकळं झालं असतं. त्यासाठी नवा रस्ता नको, नवा पूल नको. पैसे कुठे घ्यायचे एवढंच बदलायचं.

येताना आम्हाला गर्दीचा कसलाच त्रास झाला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. दारं चार तास आधी उघडली होती. कुणी दुपारीच येऊन बसलं, कुणी धावतपळत शेवटच्या पाच मिनिटांत पोचलं. चाळीस हजार माणसं चार तासांत पांगून आली आणि निघाली मात्र सगळी एकाच मिनिटाला. येण्याच्या आणि जाण्याच्या गर्दीत हाच फरक आहे. आयोजकांची सगळी आखणी मात्र येण्याची असते. कुठल्या दाराने यायचं, बॅग केवढी चालेल, कधी यायचं, हे तिकिटावर बारीक अक्षरांत भरपूर छापलेलं असतं. परत कसं जायचं याबद्दल तिकिटावर एक ओळ नसते.

गेल्या काही दिवसांत आपल्या सदरात या विषयावर जी पत्रं आली, त्यांत बहुतेकांनी आणखी मोठा वाहनतळ मागितला आहे. त्यांचा त्रास खरा आहे, मीही तो भोगला आहे. पण थोडा हिशेब करून पाहावा. एक गाडी उभी करायला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते, आणि तिला आत-बाहेर करायला जी वाट सोडावी लागते ती धरली तर पंचवीस ते तीस. चाळीस हजार प्रेक्षक, एका गाडीत सरासरी अडीच माणसं, तर गाड्या झाल्या सोळा हजार. त्यांना जागा हवी चार लाख चौरस मीटर, म्हणजे जवळपास शंभर एकर. फुटबॉलची पन्नासहून जास्त मैदानं एकाला एक लावली तर तेवढी जागा होईल. शहराच्या मध्यात ती कुठून आणायची? आणि समजा आणली, तरी रस्त्याची एक मार्गिका मध्ये सिग्नल किंवा चौक नसेल तेव्हा तासाला जेमतेम अठराशे गाड्या सोडते. चार मार्गिका पूर्ण मोकळ्या मिळाल्या तरी सोळा हजार गाड्यांना सव्वादोन तास. वाहनतळ जितका मोठा कराल तितकी रांग लांबते.

ज्या शहरांना हे उमगलं, त्यांनी उलटा रस्ता धरला. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे बंदिस्त क्रीडागृह १९६८ पासून थेट पेन स्टेशनच्या डोक्यावर उभं आहे. वीसेक हजार प्रेक्षकांना जिना उतरून थेट रेल्वेगाडी गाठता येते. लंडनचं वेम्ब्ली मैदान २००७ साली नव्याने उघडलं, त्यात ९० हजार खुर्च्या आहेत, पण प्रेक्षकांनी रेल्वेनेच यावं अशी सगळी रचना आहे. कार्यक्रमाच्या दिवशी आसपासच्या गल्ल्यांत परवानाधारक रहिवाशांशिवाय कुणाला गाडी लावता येत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मुख्य संकुलात सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी वाहनतळच ठेवला नव्हता. जागा होती ती अपंग प्रेक्षकांच्या गाड्यांना. बाकीच्यांना लंडनमधल्या स्पर्धांच्या तिकिटाबरोबर त्या दिवसाचा शहरभर चालणारा प्रवासाचा पास मिळाला होता. २००० साली सिडनीनेही ऑलिम्पिकच्या तिकिटातच रेल्वे आणि बसचा प्रवास धरला होता. जर्मनीत २०२४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत सामन्याच्या तिकिटावर सामन्याच्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत, छत्तीस तास, स्थानिक वाहतुकीने फिरता येत होतं. माणसाच्या हातात प्रवासाचं तिकीट आधीच असलं की तो गाडी घरी ठेवतो. शिवाय रात्री अकरा वाजता स्टेशनच्या खिडकीवर हजार माणसांची रांग लागत नाही. ही दुसरी गोष्ट स्टेशन मास्तरला जास्त कळते.

पण तिकिटात प्रवास धरला म्हणजे गाड्या आपोआप धावत नाहीत. रात्री अकरानंतर गाड्या विरळ होतात. पंधरा मिनिटांनी एक धरली आणि दाटीवाटीने दोन हजार माणसं एकीत बसली, तर तासाला आठ हजार. निम्मे प्रेक्षक, म्हणजे वीस हजार, रेल्वेने जाणार म्हटले तर अडीच तास झाले. तोवर शेवटची गाडी निघून गेलेली असते. जादा गाड्या सोडाव्यात हे बोलायला सोपं आहे. जादा गाडी म्हणजे एक रिकामा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी हवी, मोटरमन आणि गार्ड हवेत, त्यांच्या ड्युटीचे तास त्यात बसायला हवेत. रात्री रुळांच्या आणि विजेच्या तारांच्या दुरुस्तीचा ब्लॉक असतो, तोही मागेपुढे करावा लागतो. यातली एकही गोष्ट त्याच रात्री होत नाही. पंधरा दिवस आधी पत्र आलं तर सगळं होतं.

आणि पत्र येऊनही एक गोष्ट उरते: कार्यक्रम नक्की कधी संपणार? छापलेली वेळ क्वचितच पाळली जाते. सामना पावसाने लांबतो, गायक उशिरा मंचावर येतो.

माझ्या स्टेशनजवळच्या मैदानाच्या मुख्य दारावर एक सुरक्षा रक्षक होता. तो रोज आमच्याच स्टेशनवर उतरायचा, येताजाता नमस्कार व्हायचा. सामना संपत आला की तो स्वतःहून मला फोन करायचा: “साहेब, अर्धा तास धरा. उत्तरेचं दार आधी उघडताहेत.” एवढंच बोलून ठेवून द्यायचा. त्या अर्ध्या तासात मी खूप काही करू शकत असे. स्टेशनच्या पादचारी पुलाचा एक जिना फक्त चढायला आणि दुसरा फक्त उतरायला करून दोन्हीकडे माणसं उभी करायची. तिकिटाच्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. कंट्रोलला, म्हणजे गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षाला सांगून गाड्या त्याच फलाटावर घ्यायच्या, काही झालं तरी ऐनवेळी फलाट बदलायचा नाही. पुढच्या दोन गाड्यांच्या वेळा सतत सांगत राहायचं, कारण मागून आणखी एक गाडी आहे हे कळलं की माणूस ढकलत नाही. हे त्याला कुणी नेमून दिलेलं काम नव्हतं, आणि मला येणारा फोनही कुठल्या नियमात नव्हता.

एका रात्री तो रजेवर होता. पावसामुळे सामना लांबला आणि आम्हाला कुणीच कळवलं नाही. शेवटची गाडी माझ्या डोळ्यांसमोर अर्धी रिकामी सुटली. मीच तिला सिग्नल दिला होता. त्यानंतर अकरा मिनिटांनी मैदानाकडून आवाज यायला लागला आणि पाहता पाहता पूल भरला. समोर गाडी नाही म्हटल्यावर पुढचे थांबले, मागच्यांना ते दिसत नव्हतं, ते येतच राहिले. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर एक बाई अडकली होती. तिने दोन-अडीच वर्षांचं मूल दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं आणि कठड्यावरून खाली, रुळांचे सांधे बदलणाऱ्या आमच्या पॉइंट्समनच्या हातात सोडलं. ती स्वतः खाली यायला वीस मिनिटं लागली. तोवर तो पॉइंट्समन मूल छातीशी धरून कठड्याखालीच उभा राहिला, म्हणजे तिला ते सतत दिसावं. कारशेडकडे रिकामी निघालेली एक गाडी कंट्रोलने वळवून दिली, ती आली पन्नास मिनिटांनी. कुणाला गंभीर इजा झाली नाही. पण मी त्या रात्री घरी जाऊन झोपू शकलो नाही, आणि ते मूल अजून माझ्या डोळ्यांसमोर येतं.

जिन्याला किती माणसं झेपतात हे अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही. २ जानेवारी १९७१ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात फुटबॉलचा सामना संपून लोक घरी निघाले असताना तेराव्या क्रमांकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ६६ माणसं गेली. त्यानंतर ब्रिटन सरकारने १९७३ साली क्रीडांगणांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका काढली. तिच्या नव्या आवृत्त्या आजही वापरात आहेत. त्यातलं माप असं: सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं, जिन्यावरून ६६. तीन मीटर रुंद जिना धरला तर मिनिटाला दोनशेच्या आत. त्याच एका जिन्यावर दहा हजार माणसं सोडली, तर पन्नास मिनिटं लागणारच. ती पन्नास मिनिटं लोक कुठे उभे राहणार हे आधी ठरवायचं असतं: मोकळ्या आवारात की जिन्याच्या पायथ्याशी एकमेकांच्या अंगावर. गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात की एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसं झाली की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी पुलावर पाहिलं होतं.

भलेभले इथे चुकतात. पॅरिसच्या स्ताद द फ्रान्सची ही गोष्ट घ्या. ऐंशी हजारांचं मैदान, दोन्ही बाजूंना उपनगरी रेल्वेची स्टेशनं. २८ मे २०२२ रोजी तिथे चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि एका रेल्वेमार्गावर संप होता. साहजिकच लोक दुसऱ्या मार्गाने आले. त्या बाजूच्या अरुंद वाटेवर तिकीट तपासणीचं नाकं लावलेलं होतं. गर्दी तिथे तुंबली आणि सामना ३६ मिनिटं उशिरा सुरू झाला. संप अचानक झालेला नव्हता. लोक कुठल्या स्टेशनवर उतरणार हे माहीत असताना त्या वाटेची तयारी त्या मानाने झाली नव्हती.

माझं म्हणणं आयोजकांपुरतं नाही. आपण प्रेक्षकही तिकीट हातात आलं की खुर्ची कुठे आहे ते बघतो आणि परतीचं बघत नाही. त्या रात्री आमच्याच घरात कुणी विचारलं नाही की निघायचं कसं, आणि मीही विचारलं नाही. दोन-चार स्टेशनं अलीकडे गाडी लावून पुढे रेल्वेने जाता आलं असतं. परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवता येतं. मैदानाच्या दाराशी टॅक्सी बोलावून तिची वाट बघण्यापेक्षा किलोमीटरभर चालत मोठ्या रस्त्यावर जावं, गाडी तिथे लवकर येते आणि मागच्यांची वाटही अडत नाही. गर्दीत मोबाइल लागत नाही, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते घरीच ठरवावं आणि ती जागा दारात नसावी, दारापासून लांब असावी. मुलांच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी. गाडी नेणारच असाल तर ती लावतानाच तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा आणि खांबाचा क्रमांक कागदावर लिहून घ्या. आमच्या शेजारचं एक जोडपं चाळीस मिनिटं गाडी शोधत तिसऱ्या आणि दुसऱ्या तळघरात हिंडत होतं.

तुम्ही तरी गाडी का नेलीत, असं कुणी विचारेल. माझ्या पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. तिला पुलाचे जिने चढवत नाहीत. मोठ्या कार्यक्रमाला गाडी नेऊ नये असं मी म्हणतो तेव्हा तिच्यासारख्या माणसांना सोडून म्हणतो. काठी, चाकाची खुर्ची, तान्हं मूल, आजारी माणूस, यांच्यासाठी दाराजवळची जागा राखलेली हवी आणि ती आधी नाव नोंदवून मिळायला हवी. त्या रात्री दाराजवळ अपंगांसाठी आखलेल्या जागा होत्या. जमिनीवर निळ्या रंगात चिन्हही होतं. त्या प्रत्येक जागेवर मंचाचं सामान आणणारे टेम्पो आणि खास पास लावलेल्या गाड्या उभ्या होत्या. म्हणून आम्ही तळघरात गेलो, आणि लिफ्ट बंद असल्याने ती कठड्याला धरून एक-एक पायरी उतरली. तिने तक्रार केली नाही. मला मात्र ते बघवलं नाही. सगळ्यांना वाहनतळ देता येणार नाही हे खरं असेल, तर आहे तेवढा आधी कुणाला द्यायचा हे ठरवून, तिथे एक माणूस उभा करून ते पाळायला हवं.

आणखी एक. आम्ही अडकलो होतो तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर एक रुग्णवाहिका भोंगा वाजवत उभी होती. दोन्ही कडेला दुहेरी गाड्या लावलेल्या, मधली मार्गिका ठप्प. तिला तो चौक ओलांडायला सात मिनिटं लागली. त्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाने कार्यक्रमाचं तिकीट काढलेलं नव्हतं. अशा रात्री एक मार्गिका पूर्ण मोकळी ठेवणं हे पोलिसांच्या आणि पालिकेच्या परवानगीतच लिहिलेलं असावं आणि ते जमणार नसेल तर परवानगी देऊ नये.

आयोजकांना मी पत्र लिहिलं आहे, अजून उत्तर नाही. त्याच मैदानावर पुढच्या महिन्यात आणखी एक कार्यक्रम आहे आणि नातीला जायचं आहे. तिचं तिकीट काल आलं. त्यावर दाराचा क्रमांक आहे, रांग आहे, खुर्ची आहे. या वेळी आम्ही गाडी चार स्टेशनं अलीकडे लावणार आहोत. मी आणि मुलगा तिला घेऊन जाऊ, पत्नी घरी थांबते म्हणाली. तिने घरी थांबावं लागू नये असं मला फार वाटतं, पण त्या जिन्यांवर तिला नेण्याचा धीर होत नाही.

त्या रात्री जवळच्या स्टेशनवर ड्युटीवर कोण असेल ते मला माहीत नाही. आयोजकांपैकी एका माणसाकडे त्या स्टेशन मास्तरचा नंबर असावा, आणि कार्यक्रम संपायच्या अर्धा तास आधी त्याने फोन करून वेळ आणि दार सांगावं, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्राच्या वतीनेही त्यांना करावी.

आपला,
एक निवृत्त स्टेशन मास्तर